गुलाबी रेघ

अंबाजोगाईत, मेडिकलच्या जुन्या इमारतीत,
दुसरा मजला, जिन्यालगतची खोली.
माझं काम कापायचं.
मेणात पुरलेला आतड्याचा कण
पाच-पाच मायक्रॉनच्या चकत्यांत.
चकती कोमट पाण्यावर सोडली की पसरते
दुधावरच्या सायीसारखी
आणि काचेवर उचलून घेताना
मी अजूनही श्वास धरतो.
बावीस वर्षं झाली.

रंग दिल्यावर पेशी दिसतात, ओळीनं उभ्या,
आणि त्यांच्या माथ्यावरून गेलेली
एक गुलाबी रेघ.
नाईकनवरे मॅडम तिला ब्रश म्हणतात.
आमच्या यंत्रातून ती रेघच असते.
रेघेच्या आत काय आहे ते मी फक्त चित्रात पाहिलंय,
पुस्तकातलं पान, झेरॉक्स काढून
कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं.

त्या चित्रात रेघ उसवते.
एकाच पेशीच्या डोक्यावर हजारो बोटं,
अंगाला अंग लावून, सारख्या उंचीची,
कुणी दोरी धरून छाटल्यासारखी.
प्रत्येक बोटात पंचवीस-तीस तंतू, उभे, ताठ,
आणि जागोजागी त्यांना धरून ठेवणारी प्रथिनं.
मॅडमनी नावं सांगितली होती.
मी मनात म्हटलं, पेंढी.
कडब्याची पेंढी, आळ्यानं आवळलेली.
बुडखे खाली जाळ्यात रुतलेले
आणि शेंड्यांवर बारीक लव,
फुलोऱ्यातल्या ज्वारीवर असते तशी.
त्या लवेतच म्हणे साखर शेवटची मोडते.
दात, जठर, पित्त, सगळे आधीचे.
दारातून आत घ्यायचं काम हिचं.

आणि ही पेशी जगते चार दिवस.
चार दिवसांसाठी एवढं रान!

मार्चात एक डबी आली.
रेवण, रेणापूर. वय सात. वजन तेरा किलो.
कापलं, रंगवलं, डोळा लावला.
रेघ नव्हती.
अंकुर सपाट, पेशी बुटक्या,
माथे बोडखे,
ढोरं शिरून गेलेल्या वावरासारखे.
मी भिंग पुसलं. पुन्हा पाहिलं.
भिंगाचा काही दोष नव्हता.

काच घेऊन मीच खाली ओपीडीत गेलो.
महानंदाबाई सांगत होत्या,
"लेकरू वाळायलंय मॅडम. खायलंय, पण अंगी लागंना."
"काय देता खायला?"
बाई जरा ताठ बसल्या. पदर सारखा केला.
"गव्हाचीच पोळी, दोन्ही टायमाला.
भाकर आम्ही खातो, त्याला नाही घालत.
सकाळी चहात बिस्किट.
बाकी कशात बी कमी पडलं असंल,
गव्हात नाही पडू दिलं."

पंखा फिरत होता.
मॅडमनी रक्ताचा कागद उलटा ठेवला.
"गहू बंद करायचा. कायमचा. कणभर पण नाही."
"मग काय द्यावं?"
"तुम्ही खाता ते."

चेष्टा वाटली असावी. बाई हसल्या,
मग हसू तिथंच राहिलं.
"म्हणजे मीच...?"
मॅडम पटकन नाही म्हणाल्या, दोनदा म्हणाल्या,
त्याच्या शरीराला चालत नाही, तुमचं काही नाही.
बाई माझ्याकडे बघत होत्या.
का, माहीत नाही. माझ्या हातात ती काच होती
आणि मला ती कुठं ठेवावी कळेना.
रेवण बाकड्यावर पाय हलवत बसला होता.
त्याच्या खिशात पुड्याचा कागद कुरकुरला.

दुसरी डबी अजून आलेली नाही.
परवा पोळा झाला.
कपाट उघडलं की ते झेरॉक्स दिसतं,
आणि मी हिशोबाला लागतो,
चार दिवसांचं एक पीक,
मार्चापासून चाळीस तरी निघाली असतील.
पहिली पाच-सात मोडकीच धरू.
पुढं कधीतरी एखाद्या रात्री, भाकर पोटात असताना,
तिथं अंधारात
पहिली पेंढी उभी राहिली असेल.
मग कुणीतरी हाक मारतं, नवा ठोकळा आलेला असतो,
आणि माझा आकडा चुकतो.